पितळेचा पिंजरा मी मोडीत दिला

आबा,

आज शाळेतून घरी आले तर ओसरीवर एक माणूस वाट बघत बसलेला. इथलाच, अक्कलकुव्याचा, बाजारपेठेत त्याचं तेलाचं दुकान आहे. त्याच्या लेकीला डोंगरातल्या कुणीतरी राघूचं पिल्लू आणून दिलंय, आणि गावात त्याला सांगण्यात आलं की पिंजऱ्याचं विचारायचं तर मास्तरीणबाईंना विचार, त्यांचा पोपट वीस वर्षांच्या वर जगला. "बाई, नंदुरबारना एक दुकानमा मी पितयना पिंजरा दखेल शे," तो म्हणाला. "घुमटना. वर कळस शे. घेऊ का?" मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. उभ्या उभ्याच सुरू झाले. गोल नको, चौकोनी घे. उंच नको, लांब घे, पोपट काही विहिरीतल्या बादलीसारखा वरखाली करत नाही, त्याला आडवं उडायचं असतं. पंख पसरले तर दोन्ही बाजूंना गज लागता कामा नयेत. बसायला पितळी दांडी नको, कडुलिंबाची फांदी टाक, सालीसकट, एक जाड, एक बारीक, म्हणजे पाय धरत नाहीत. आणि पितळ तर मुळीच नको. तो बिचारा टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत राहिला. बोलता बोलता माझा आवाज चढला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याशी बोलतच नव्हते. मी तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन इतके पावसाळे लोटले, शाळेवर आता आपला झेंडा लागतो, आणि आपलं भांडण आहे तसंच ताजं आहे. मग म्हटलं, दारी आलेल्या माणसाला कशाला ताप, ज्याचं त्यालाच लिहावं.

आधीच सांगते, हे पत्र माफीचं नाही. तुम्ही दिलेला पिंजरा मी मोडीत दिला तो शुद्धीवर दिला, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा देईन.

तुम्ही तो आणलात तो दिवस मला पक्का आठवतो. मला सासरहून परत आणल्याला वर्ष होत आलं होतं. ज्याच्याशी लग्न लागलं तो तापाने गेला, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा मला तेव्हाही नीट आठवत नव्हता. हातातल्या बांगड्या गेल्या, कपाळाचं कुंकू गेलं, आणि मी पंधराव्या वर्षी आपल्याच घरात स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत फिरणारी बाई झाले. मामा एकदा विचारायला आला होता. त्याच्या गावच्या एका बिजवराचा, शेतीभातीच्या माणसाचा, निरोप घेऊन. मी दाराआड होते. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "आपलामा आते पाट लागत नही." आते, म्हणे. आजोबांच्या वेळी विधवांचे पाट लागत होते. आजोबांची स्वतःची बहीण पाटाने गेली होती आणि सुखाने नांदली होती. आपल्या धाब्याच्या घराची माडी झाली आणि पाट बंद झाले. मामा पाणी पिऊन निघून गेला. त्यानंतरच्या महिन्यात तुम्ही नंदुरबारला कापूस घेऊन गेलात आणि येताना गाडीत कापसाच्या जागी तो पिंजरा आला.

देवळाच्या आकाराचा होता. वर घुमट, घुमटावर कळस, कळसाखाली टांगलेली एक कडी, पोपटाने झोका घ्यावा म्हणून. गजांना दोन आकड्या आणि त्यांत दोन पितळी वाटक्या, एक पाण्याची, एक दाण्याची. आत हिरवागार राघू, अजून गळ्यात कंठी न फुटलेला. तुम्ही तो माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "हाई ले, बाई. आते तुन्हासंगे बोलाले कोनी तरी शे." तुमचे डोळे भरून आले होते ते मी बघितलं. मी आंधळी नव्हते आणि कृतघ्नही नव्हते. मला तो पोपट त्या क्षणापासून जिवापाड आवडला. पण पिंजरा तुम्ही माझ्या खोलीत टांगला नाहीत. ओट्यावर टांगलात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. माझ्यासाठी आणलेला पोपट ओट्यावर आणि मी उंबऱ्याच्या आत, अशी आमची शिकवणी सुरू झाली.

त्याने "राम राम" म्हणावं अशी तुमची फार इच्छा होती. मी महिनोन् महिने उंबऱ्यात बसून राम राम म्हटलं. तो मान वाकडी करून ऐकायचा आणि गप्प बसायचा. शिकला काय, तर माय कुत्र्यांना हाकलताना म्हणते ते "हाड". आणि तेही तिच्याच तोऱ्यात. तालुक्याचे कारकून येऊन ओट्यावर टेकले की हा वरून एकदा नीट बघून घ्यायचा आणि म्हणायचा, हाड. तुम्ही खोकून तो आवाज झाकायचात. माय आत चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसायची. त्या घरात मी त्या वर्षी पोटभर हसले असेन तर त्याच्यामुळे, हेही तुमच्या खात्यावर जमा करते. पण त्याचं शेपूट बघितलंत का कधी? राघूचं शेपूट लांब असतं आणि तो पिंजरा होता गोल. वळला की शेपूट गजांवर घासायचं. लांब पिसं एकेक करून मोडली आणि खराट्यासारखे खुंट राहिले. पंख तर त्याने कधी पुरते उघडलेच नाहीत, मधल्या त्या कडीला अडायचे. मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही म्हणालात की झोका तर आहे त्याला, आणखी काय पाहिजे.

मग वैशाखातली आखाजी आली. माहेरवाशिणी गावात आल्यात, मागच्या लिंबाला झोके बांधलेत, गौराईची गाणी चाललीत, आणि मी व माय परसात घरातलं झाडून सगळं पितळ घेऊन बसलोय. चिंच आणि राख. हंडे, कळश्या, परात, समया. तुम्ही आतून बाहेर येता आणि म्हणता, पिंजराही काढा, पाहुणे येतील. मी पोपटाला टोपलीखाली झाकते आणि पिंजऱ्याचा एकेक गज चिंचेने घासते. बोटं आंबून जातात. असा झळकतो पिंजरा की उन्हात बघवत नाही. झोक्यावर बसायला मला कुणी बोलवत नाही आणि बोलवायचंही नसतं, ते मला ठाऊक आहे. मी पोपटाला परत आत घालते. तुम्ही अडकित्त्याने कैरीच्या पातळ फोडी करता, स्वतःच्या हाताने, आणि त्याच्या वाटकीत टाकता, कारण त्याला कैरी आवडते. दिवसभर तो कैरी खातो आणि मधून मधून गज चावत बसतो, पोपट चावतातच. असंच आधीच्या सणालाही झालं होतं. आणि त्या सणानंतरही तो मलूल झाला होता, पण तेव्हा कुणी मेळ घातला नव्हता.

आखाजी उलटली आणि तो पिसं फुगवून तळाशी बसला. कडीवर चढेना. विष्ठा पाण्यासारखी, हिरवी. हाड म्हणायचा बंद झाला, आणि ओट्यावरची शांतता मलाच खायला उठली. तुम्ही मांत्रिकाकडून दोरा आणलात, दृष्ट लागली म्हणून. मी काय केलं ते सांगते. मी वाटकीचा वास घेतला. चुलीपाशी वाढलेल्या कुठल्याही पोरीने घेतला असता. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं तर माय ते कुत्र्यालाही घालत नसे. कळकलं, म्हणायची, आणि उकिरड्यावर ओतायची. त्या वाटकीला तोच वास होता. तळाशी कैरीचा रस वाळून हिरवा थर धरलेला. आपल्या घरात कल्हईवाला आला की तपेल्यापासून पळीपर्यंत सगळं त्याच्यापुढे मांडलं जायचं. या दोन वाटक्या कुणी मांडल्या नाहीत. मी मायला म्हटलं तर ती बघतच राहिली. "पाखरूना वाटकास्ले कोठे कोनी कल्हई करस का, बाई?" असं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा स्वतःचा हात तोंडावर गेला.

मी तुम्हाला लगेच येऊन सांगितलं. तुम्ही गुमास्त्याशी बोलत होता. मी म्हटलं, "आबा, पितय त्याले बाधी ऱ्हायनं." तुम्ही हसलात. रागावला असतात तर चाललं असतं, पण तुम्ही हसलात. म्हणालात, "राजास्ना पोपट पितयना पिंजरामा ऱ्हातस, बाई. त्यास्ले कशी बाधा व्हत नही?" सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, हे तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. आज लिहिते. त्या दिवशी मी पोपटाला चुलीजवळ टोपलीखाली ठेवलं, मातीच्या बोळक्यात पाणी आणि भिजवलेली डाळ दिली. चार-आठ दिवसांत त्याने मान वर काढली. माय पलीकडे भाकरी थापत होती, तिच्याकडे बघून त्याने बारीक आवाजात हाड म्हटलं. माय रडली. आणि त्याच आठवड्यात तुमच्याकडे मोठे पाहुणे येणार म्हणून तुम्ही स्वतः त्याला उचलून परत त्या देवळात घातलंत. ओटा रिकामा बरा दिसत नाही, म्हणालात. पाहुणे जेवून गेले आणि तो पुन्हा तळाशी बसला.

तिथे माझं डोकं फिरलं, आबा. कुणाच्या जिवापेक्षा ओटा मोठा, हे मी त्या घरात आधी एकदा बघितलं होतं. तेव्हा जीव माझा होता म्हणून गप्प बसले. या खेपेला नाही बसले.

शहाद्याच्या बाजाराला माय जायची त्या दिवशी मी गाडीत चढले. पिंजरा गोधडीत गुंडाळून पायाशी ठेवला होता. पोपट घरी टोपलीखाली. मायने गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आख्ख्या वाटेत बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसली. तिने मला फूस लावली असं तुम्हाला नंतर वाटलं, ते साफ खोटं आहे. कासाराच्या दुकानात मी गोधडी सोडली. तो हरखून म्हणाला, "हाऊ तं नवाच शे, ताई. मोडमा कसाले देतस?" मी म्हटलं, मोडच. त्याने कळस हातात घेऊन फिरवला आणि पुन्हा विचारलं, घरी माहीत आहे का म्हणून. मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याने ठरवावं. तागडी वर गेली तेव्हा माय पहिल्यांदा बोलली. "वजन बराबर कर, भाऊ," एवढंच.

ते पैसे घेऊन आम्ही लोहाराकडे गेलो. मी जमिनीवर काडीने आखून दाखवला: इतका लांब, इतका रुंद, सरळ गज, गजांत बोट जाईल पण डोकं जाणार नाही एवढं अंतर, आणि दार वर सरकणारं, कारण खाली पडणारं दार पोपट चोचीने उघडतो. त्याने विचारलं, "कोंबडास्नं खुराडं शे का?" मी म्हटलं, पोपट आहे. तो हसला, पण करून दिलं. काळाकभिन्न, बोजड, चौकोनी. दिसायला खरंच खुराडं होतं, मी कधी नाही म्हटलं नाही. गाडीत मावेना म्हणून मागे बांधावं लागलं, आणि सगळा गाव बघत राहिला.

तुम्ही ओट्यावरच होता. चार माणसं होती. गाडी थांबली, तुम्ही ते लोखंड बघितलंत, आणि मग रिकाम्या खुंटीकडे बघितलंत. "मी देयेल चीज तू मोडमा दिधी?" तुमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कोनले इचारीसन?" मी म्हटलं, "पोपटले इचारीसन." चार माणसांतला एकजण फिस्सकन हसला. तुमच्या तोंडावर उलट बोललेलं माझं ते पहिलं वाक्य, आणि ते चारचौघांत झालं याचं मला वाईट वाटावं अशी तुमची अपेक्षा होती. नाही वाटलं. तुम्ही म्हणालात, आपल्या ओट्यावर खुराडं लागणार नाही. मी पिंजरा उचलला, मायने दुसरी बाजू धरली, आणि आम्ही तो मागे गोठ्यात नेला. लिंबाच्या दोन फांद्या आत घातल्या, पोपटाला सोडलं. तो बराच वेळ फांदीवर नुसता बसून होता. मग त्याने एक पंख उघडला, पाय ताणला, दुसरा पंख उघडला. गजाला काही लागलं नाही. त्याने ते पुन्हा करून बघितलं. आबा, तुम्ही तेवढं बघायला हवं होतंत. मागच्या दारातून दहा पावलांवर होतात.

तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. पिंजरा गोठ्यात, म्हणून मीही कामं आटोपून गोठ्यात. पावसाळाभर म्हशींचं रवंथ ऐकत मी तिथे बसले आणि वाचलं. अक्षर तुम्हीच मला शिकवलं होतं, लग्नाआधी, मांडीवर बसवून, पोथी वाचता यावी म्हणून. ते उपकार मी नाकारत नाही. तुम्ही माडीवर बांधून ठेवलेली तुमच्या भाच्याची जुनी क्रमिक पुस्तकं मी आणली, गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या बायकोकडून गणित समजून घेतलं, आणि पोपटाचं शेपूट पुरतं भरून आलं तोवर माझी फायनल परीक्षेची तयारी झाली होती. दसऱ्याच्या सुमारास मी तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. जे बोलायचं ते म्हशींना आधी कितीदा म्हणून दाखवलं होतं, त्यांची काही हरकत नव्हती. मी म्हटलं, "आबा, मले धुळाले परीक्षाले जानं शे. मंग मास्तरीन व्हनं शे. वट्टावरना पितयना पिंजरा मले नको."

तुम्ही सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "भाहेर मांजरं शेतस, बाई."

हे एकच वाक्य तुम्ही त्या सगळ्या वर्षात माझ्या काळजीचं म्हणून बोललात, बाकी सगळी घराच्या अब्रूची बोललात. ते खोटं नव्हतं. मांजरं होतीच. पुढे मला ती भेटलीही, तपासनिसाच्या वेशात, घरमालकाच्या वेशात. म्हणून मी तेव्हाही नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "म्हनीसन पिंजरा जोयजेच. पन तो मी निवडसू." तुम्ही अडकित्ता पुन्हा चालवायला घेतलात. हो म्हणाला नाहीत. परीक्षेच्या तीन दिवस आधी सकाळी गाडी जुंपलेली होती आणि मामा पुढे बसला होता. कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. तुम्ही निरोपाला बाहेर आला नाहीत. आणि मागून गावाला काय सांगितलंत तेही मला कळलं. पोरगी नाशिकला तीर्थाला गेली, म्हणे. मी पास झाले, नोकरी लागली, तरी तुम्ही दोन वर्षं मला तीर्थातच ठेवलंत. बडा घर पोकळ वासा ही म्हण मी शाळेत शिकवते तेव्हा मुली अर्थ विचारतात. मी दुसरं उदाहरण देते, पण मनात तेच असतं.

लोक मला विचारतात, बाई, एवढी माया होती तर राघूला सोडून का नाही दिलं? बोलायला काय जातं. डोळे उघडायच्या आत ढोलीतून काढलेलं पिल्लू ते. त्याला ना ससाणा ठाऊक, ना कुठल्या झाडाला कधी फळ धरतं ते. सोडला असता तर संध्याकाळ बघितली नसती, आणि मी पुण्यवान ठरले असते. मला तसलं पुण्य नको होतं. तो इथे अक्कलकुव्यात माझ्या पडवीत त्या खुराड्यात राहिला. बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या बाया डोक्यावरच्या मोळ्या टेकवून त्याच्यापुढे थांबायच्या, त्यांच्या बोलीत त्याला काहीबाही विचारायच्या, आणि तो त्यांना न चुकता हाड म्हणायचा. माझ्याही दोन खोल्या आहेत. वर पत्रा आहे, उन्हाळ्यात भाजून निघते, पावसात बोललेलं ऐकू येत नाही. तुम्ही म्हणाल, हाही पिंजराच. आहे. पण हात पसरले तर दोन्हीकडे भिंत लागत नाही, आणि कुलूप आतून लागतं.

तुम्ही इथे एकदाच आलात. आखाजीच्या तोंडावर, सर्व्हिस मोटारीने, न कळवता. त्या दिवसांत माहेरचं माणूस दारात दिसलं की ते लेकीला न्यायला आलेलं असतं. तुम्ही न्यायला आला आहात का, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. म्हणाला असतात तरी मी आले नसते. तुम्ही पाटावर बसलात, चहा घेतलात, पत्र्याकडे बघितलंत, माझ्या पांढऱ्या लुगड्यावरच्या खडूच्या डागांकडे बघितलंत. मग उठून पिंजऱ्यापाशी गेलात. पोपट फांदीवरून फांदीवर गेला, पंख उघडून, मुद्दाम दाखवल्यासारखा. मला वाटलं, आता तुम्ही काही म्हणाल. पोपटच म्हणाला, हाड. तुम्ही हसलात, पण ते गुमास्त्यापुढचं हसणं नव्हतं. मग उपरण्याची गाठ सोडलीत आणि त्यातून दोन वाटक्या काढल्यात. पितळी, नव्या, छोट्या, गजाला अडकवायच्या आकडीसकट. आतून पांढऱ्याशुभ्र. "कल्हई करेल शे," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच.

आणि मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "मी त्याले मातीना बोयकामाच देस." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे," आणि वाटक्या कोनाड्यात ठेवून मोटारीच्या वेळेला निघालात. मी नाक्यापर्यंत आले, पण दोन हात मागून. त्याच वर्षीच्या थंडीत तुम्ही गेलात. बोळक्याचं ते वाक्य घेऊनच गेला असाल, आणि मी ते मागे घेत नाही. एका पाखराच्या वाटकीला कल्हई लागते हे तुम्हाला कळायला इतकी वर्षं लागली, तर मलाही तोंडातून गोड शब्द काढायला वेळ लागणारच. तुमचीच लेक आहे.

तो तेलवाला गेला. जाताना हो हो म्हणाला, पण शेवटी पितळीच घेईल, मला त्याचं तोंड बघूनच कळलं. वर कळस आहे ना. निदान वाटक्यांना कल्हई कर, एवढं मी त्याला ओसरीवरून ओरडून सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? घडी करून कोनाड्यात ठेवीन, म्हणजे ते कुठेही जाणार नाही. म्हणून एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. त्या दिवशी तुमची मोटार धूळ उडवत वळली आणि मी तशीच घरी आले, चपलाही न काढता कैरी चिरली, पातळ, तुम्ही चिरायचात तशी, आणि तुमच्या वाटकीत घालून गजाला अडकवली. त्यानंतर तो मरेपर्यंत त्याच वाटक्यांत जेवला. मातीचं बोळकं मी पुन्हा कधी काढलं नाही. तो जाऊन आता दोन पावसाळे झाले. पिंजरा रिकामा आहे, गज गंजलेत. पण दर आखाजीला गल्लीत कल्हईवाल्याचा भाता सुरू झाला की मी माझ्या पातेल्याच्या आधी त्याच्यापुढे त्या दोन वाटक्या ठेवते. यंदा तो म्हणाला, बाई, यांना कल्हई आहे अजून, काय करायची? मी म्हटलं, तू कर. तुमच्या वाटक्यांची कल्हई मी एकदाही उतरू दिलेली नाही.